उंच केलेल्या पिकअप वाहनाचे मागील धक्काशोषक : निवड आणि जोडणी

बीड तालुक्यातील चौसाळा हे गाव सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. बीडकडून निघालेले वाहन मांजरसुंब्याचा घाट चढून रुंद डांबरी मार्गाने येथवर वेगाने येते. परंतु महामार्ग सोडून बालाघाटाच्या पठारावरील वाड्यावस्त्यांकडे वळताच मुरूम, उघडा पडलेला काळा खडक आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती यांच्याशी त्याची गाठ पडते. सोयाबीन, कापूस, तूर, कडबा, हंगामात सीताफळे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी निघालेल्या कुटुंबांचे बिऱ्हाड, असा नाना प्रकारचा भार या मुलखात पिकअप वाहनांतून वाहिला जातो. एकाच दिवसात एकच वाहन सकाळी रिकामे, दुपारी भरलेले, कधी महामार्गावर तर कधी नांगरटीच्या कडेने धावत असते.

अशा वाहनाचा मागील भाग उंच करून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. दगडावर आस आपटू नये, भार घातल्यावर गाडी मागे बसू नये, ओढ्यातून जाताना तळ घासू नये, ही त्यामागील कारणे होत. उंची वाढविण्याचे काम पाटे वाढवून किंवा ठोकळे घालून एका दिवसात होते. मात्र त्याबरोबर मागील धक्काशोषकांचे, म्हणजे बाजारातील भाषेत ‘शॉकअप’चे, काय करावयाचे हा प्रश्न पुष्कळदा ‘थोडे लांब आणि थोडे कडक बसवा’ एवढ्यावर सोडविला जातो. हे उत्तर अपुरे आहे. धक्काशोषकाची निवड ही तीन वेगळ्या प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे असते : वाढविलेली उंची त्याची लांबी ठरविते, वाहनावरील भार त्याचे बल ठरवितो आणि ज्या मार्गावरून वाहन जाते तो मार्ग त्याची अंतर्रचना ठरवितो. या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे नवा, महागडा धक्काशोषकही थोड्याच दिवसांत तेल गाळू लागतो किंवा आपल्या कंसासह चासीपासून उखडून येतो. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

१. धक्काशोषकाचे नेमके कार्य

‘धक्काशोषक’ हे नाव काहीसे फसवे आहे. चाक दगडावर चढते तेव्हा धक्का प्रथम टायर घेतो आणि मग पाट्यांची कमान घेते. कमान दबते, म्हणजे धक्क्याची ऊर्जा ती साठवून ठेवते; आणि साठविलेली ऊर्जा ती परतही करते. ती परत करताना वाहन वर उसळते, पुन्हा खाली येते आणि अडथळा मागे पडल्यावरही हे आंदोलन चालू राहते. या आंदोलनातील ऊर्जा काढून घेऊन तिचे उष्णतेत रूपांतर करणे, हे धक्काशोषकाचे खरे कार्य होय. शास्त्रीय परिभाषेत यास अवमंदन म्हणतात. नळीत तेल, तेलात सरकणारा दट्ट्या, दट्ट्यात बारीक छिद्रे व झडपा, एवढीच त्याची मूळ रचना. दट्ट्या जितक्या वेगाने सरकेल तितका तेलाचा विरोध वाढतो. दट्ट्या स्थिर असताना विरोध शून्य असतो.

या शेवटच्या वाक्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. उभ्या वाहनाचा भार धक्काशोषक पेलत नाही. तो कमानीच पेलतात. वायुभारित धक्काशोषकात दाबाखालील नायट्रोजनामुळे दांडा बाहेर ढकलला जातो हे खरे. परंतु २५ बार दाब आणि १२.५ मिलिमीटर व्यासाचा दांडा धरला तर हे बल सुमारे ३० किलोग्रॅम वजनाइतके भरते. एका बाजूच्या कमानीवर शेकडो किलोग्रॅम भार असताना त्याची मातब्बरी ती काय? म्हणून गाडी मागे बसते यावर जड धक्काशोषक हा उपाय नव्हे.

धक्काशोषकाचे दुसरे कार्य चाकासंबंधीचे आहे. आस, चाके आणि ब्रेक यांचे मिळून जे वस्तुमान होते ते टायर आणि कमान यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे कंप पावते. एका बाजूचे असे वस्तुमान ९० किलोग्रॅम आणि टायर व कमान यांची एकत्रित ताठरता दर मिलिमीटरला ३५० न्यूटन मानली, तर त्याची नैसर्गिक कंप्रता सेकंदाला सुमारे १० येते. मुरमाच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात हे आपण पाहतोच. दोन लाटांत ०.८ मीटर अंतर असेल, तर ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चाकास सेकंदाला नेमके १० धक्के बसतात. अशा वेळी अवमंदन अपुरे असेल तर चाक रस्त्यावर टिकत नाही, ते नाचू लागते; आणि नाचणाऱ्या चाकाला ब्रेकचा उपयोग नाही. रिकाम्या पिकअपचा मागील भाग वळणावर एकाएकी बाजूला सरकतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. धक्काशोषक ही सुखसोयीची वस्तू आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

जुन्या घोडागाड्यांच्या कमानींत पाट्यावर पाटा घासून होणारे घर्षण हेच अवमंदन असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घर्षणाच्या चकत्यांचे अवमंदक लावले गेले. पुढे तेलाचे आले आणि दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये चारही चाकांना पाट्यांच्या कमानी व त्यांच्या जोडीस दुर्बिणीसारखे एकात एक सरकणारे तेलाचे धक्काशोषक होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्र कंपनीने मुंबईत याच जीपची जुळणी आरंभिली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीने मुलुंड येथे धक्काशोषकांची निर्मिती सुरू केली. वाहनांच्या चाचण्या घेणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही पुण्यातील संस्था १९६६ची. तात्पर्य, हा विषय महाराष्ट्रास नवा नाही. त्याचे ज्ञान कारखान्यापासून खेड्यातील गॅरेजपर्यंत पोहोचताना मात्र मध्येच कोठे तरी अडते.

२. उंची कोणत्या मार्गाने वाढविली?

धक्काशोषकाची दोन टोके अनुक्रमे चासीला आणि आसाला जोडलेली असतात. त्यामुळे त्याच्या दृष्टीने उंची म्हणजे चासी व आस यांमधील अंतर. जमिनीपासूनची उंची नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास पहिल्याच पायरीवर चूक होते.

मोठे टायर लावून वाहन उंच केले असेल, तर चासी व आस यांमधील अंतर बदलत नाही आणि धक्काशोषकाची लांबीही बदलावी लागत नाही. मात्र जड टायरांमुळे आसाबरोबर नाचणारे वस्तुमान वाढते. चासी आणि वरील ढाचा यांमध्ये ठोकळे घालून केवळ ढाचा उचलला असेल, तरीही धक्काशोषक होता तसाच चालतो.

आस आणि कमान यांच्यामध्ये ठोकळा घातल्यास ठोकळ्याच्या जाडीइतके अंतर वाढते. कमानीची ताठरता मात्र तीच राहते. कमानीत पाटा वाढविला किंवा अधिक वाकाची कमान बसविली, तर अंतर वाढते आणि बहुधा ताठरताही वाढते. कमानीच्या मागील टोकाची शॅकल लांब केली तर आसापाशी मिळणारी उंची ही शॅकलमधील वाढीच्या साधारण निम्मी असते, कारण आस कमानीच्या मध्याजवळ असतो. शिवाय आस किंचित फिरतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. आसाखालील कमान काढून आसावर बसविली, तर उंची पुष्कळच वाढते आणि धक्काशोषकाचा खालचा कंसही नव्याने योजावा लागतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी ‘किती उंची वाढविली’ या प्रश्नाबरोबरच ‘कशी वाढविली’ याचेही उत्तर हाती असले पाहिजे.

३. लांबीचा हिशेब

धक्काशोषकाच्या तीन लांब्या असतात : पूर्ण दबलेला असताना, पूर्ण ताणलेला असताना आणि वाहन सपाट जमिनीवर उभे असताना. पहिल्या दोहोंतील फरक म्हणजे दट्ट्याची धाव. वाहनाच्या बाजूनेही अशाच तीन लांब्या असतात : आस चासीखालील रबरी ठोकळ्यावर आपटून रबर पूर्ण चेपले गेले असतानाची, आस पूर्ण खाली लोंबत असतानाची आणि उभ्या स्थितीतील. निवडीचा नियम असा : धक्काशोषकाची दबलेली लांबी वाहनाच्या किमान लांबीहून थोडी कमी असावी आणि ताणलेली लांबी वाहनाच्या कमाल लांबीहून थोडी अधिक असावी. प्रत्येक टोकाला सुमारे १५ मिलिमीटर मोकळीक ठेवणे इष्ट.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोयीसाठी धक्काशोषक उभा आहे असे धरू. मूळ वाहनात दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर उभ्या स्थितीत ४३० मिलिमीटर, रबर पूर्ण दबल्यावर ३४५ आणि आस लोंबताना ५१५ आहे. यास दबलेली लांबी ३३० आणि ताणलेली ५३० असा, २०० मिलिमीटर धावेचा धक्काशोषक योग्य होय. आता आस व कमान यांमध्ये ५० मिलिमीटरचा ठोकळा घातला. उभ्या स्थितीतील अंतर ४८० झाले, लोंबती लांबी ५६५ झाली. परंतु रबरी ठोकळा होता तेथेच असल्याने किमान लांबी ३४५ हीच राहिली.

या वाहनावर जुनाच धक्काशोषक ठेवला तर काय होईल? उभ्या स्थितीतून तो केवळ ५० मिलिमीटर ताणला जाऊ शकतो. आस आणखी ३५ मिलिमीटर खाली जाऊ पाहतो. ते त्यास शक्य होत नाही आणि आस व चाके यांचा सारा झटका दट्ट्याच्या दांड्यावर व वरच्या कंसावर येतो. खड्ड्यातून जाताना मागून येणारा ‘ठक्’ असा आवाज हाच. असे काही हजार वेळा झाले म्हणजे दांड्याचे टोक किंवा रबरी बुश निकामी होते.

उलट, ५० मिलिमीटर लांब, म्हणजे ३८० ते ५८० लांबीचा धक्काशोषक बसविला आणि रबर तेथेच ठेवले, तर आस रबरावर पुरता टेकण्याच्या ३५ मिलिमीटर आधीच धक्काशोषक आतून टेकतो. मग रबरी ठोकळ्याचे काम धक्काशोषकास करावे लागते. त्याची रचना त्यासाठी नसते. आतील झडप वाकते, नळी फुगते किंवा चासीवरील कंसाचा सांधा तुटतो. आणि हे नेमके भरलेल्या गाडीच्या बाबतीत, वेगात, खड्ड्यावर घडते.

मग ३३० पासून ५८० पर्यंत जाणारा धक्काशोषक का घेऊ नये? कारण तो सामान्यतः मिळत नाही. धाव सोडून दोन्ही टोकांचे डोळे, झडपा आणि सील यांना जी लांबी लागते ती वरील उदाहरणात १३० मिलिमीटर आहे. २५० मिलिमीटर धाव हवी तर दबलेली लांबी निदान ३८० होणारच. याचा अर्थ असा की उंची वाढविताना रबरी ठोकळाही तितकाच, म्हणजे ५० मिलिमीटर, खाली आणला पाहिजे. मग किमान लांबी ३९५ व कमाल ५६५ होते आणि ३८० ते ५८० चा धक्काशोषक नेमका बसतो. धाव तीच २०० राहिली. केवळ तिचे स्थान सरकले. रबरी ठोकळा खाली आणणे हा उंची वाढविण्याचाच भाग आहे. तो राहून गेला म्हणजे धक्काशोषक कितीही चांगला असो, मोडणारच.

प्रत्यक्ष मापे घेण्यासाठी जुने धक्काशोषक काढून चासीस भक्कम घोड्यांवर आधार द्यावा व आस पूर्ण खाली सोडावा. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही, हे त्याच वेळी पाहावे. या स्थितीतील अंतर हे कमाल अंतर. ताठ कमान जॅकने पूर्ण दाबणे कठीण असते. म्हणून किमान अंतरासाठी उभ्या स्थितीत आस व रबर यांमधील फट मोजून, रबर जितके चेपेल तितके त्यात मिळवून, ती बेरीज उभ्या अंतरातून वजा करावी. धक्काशोषक तिरपा असल्यास ही वजाबाकी उभ्या घटकातच करावयाची. नंतर उभे व आडवे अंतर यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून खरी लांबी मिळवावी.

४. भार आणि अवमंदन

लांबी ठरली, आता बल ठरवावयाचे. ‘उंच गाडीला कडक शॉक’ ही समजूत येथे तपासून पाहू. आंदोलन अजिबात न होता कमान पूर्वस्थितीला येईल एवढ्या किमान अवमंदनास क्रांतिक अवमंदन म्हणतात. ताठरता व वस्तुमान यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की ते मिळते. प्रत्यक्ष अवमंदन क्रांतिक अवमंदनाच्या किती पट आहे, ते अवमंदन गुणोत्तर. मालवाहू वाहनास ०.२ ते ०.४ च्या दरम्यानचे गुणोत्तर सामान्यतः मानवते.

पुन्हा उदाहरण घेऊ. मागील एका बाजूच्या कमानीवर रिकाम्या वाहनाचा ३०० किलोग्रॅम आणि भरलेल्याचा ९५० किलोग्रॅम भार येतो असे धरू. कमानीची ताठरता मीटरला १,००,००० न्यूटन. मग क्रांतिक अवमंदन रिकाम्या स्थितीत सुमारे १०,९५० आणि भरलेल्या स्थितीत १९,५०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर येते. धक्काशोषकाचे सरासरी अवमंदन ३,३०० असेल, तर गुणोत्तर रिकामे असता ०.३० आणि भरलेले असता ०.१७ पडते. नैसर्गिक कंप्रता अनुक्रमे २.९ व १.६.

आता पाटा वाढवून ताठरता सव्वापट केली. तोच धक्काशोषक ठेवल्यास गुणोत्तरे ०.२७ व ०.१५ होतात. घट आहे, पण ती दहा टक्क्यांच्या आसपासच. कारण ताठरता वर्गमुळाखाली येते. याउलट भरलेल्या व रिकाम्या स्थितीतील फरक जवळजवळ दुपटीचा आहे. म्हणजे धक्काशोषकाचा कडकपणा ठरविताना उंचीपेक्षा भाराचा विचार कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरतो. ठोकळा घालून उंची वाढविली असेल, तर ताठरता बदललेलीच नसते आणि कडकपणा वाढविण्याचे काही कारणही उरत नाही.

भरलेल्या स्थितीसाठी गुणोत्तर ०.३० हवे म्हणून ५,८५० चे अवमंदन घेतले, तर रिकाम्या स्थितीत ते ०.५ च्या वर जाते. असे वाहन रिकामे असता प्रत्येक दगडाचा आघात जसाच्या तसा चासीवर पोहोचवते. चाक अडथळ्यावरून उडते व लवकर खाली येत नाही. सीताफळासारखे नाजूक फळ अर्धवट भरलेल्या गाडीतून नेणाऱ्यास याची किंमत मालाच्या नासाडीच्या रूपाने मोजावी लागते. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; असे फळ बाजारात सुस्थितीत पोहोचणे हा काही क्षुल्लक प्रश्न नव्हे.

मार्ग काय? वाहन वर्षातील बहुतेक दिवस कोणत्या भाराने धावते हे ठरवून त्या भारासाठी निवड करावी. कमाल भारासाठी नव्हे. भार नित्य बदलत असेल, तर बाहेरून फिरवून कमीजास्त करता येणारा धक्काशोषक घेणे श्रेयस्कर. परंतु तो फिरविण्याची शिस्त चालकास हवी. याहून मूलगामी उपाय कमानीत आहे. वाढीव पाटा मुख्य कमानीत न घालता मदतनीस कमानीत घातला, तर तो भार आल्यावरच कामास लागतो. अशा रचनेत भराबरोबर ताठरताही वाढत असल्याने दोन स्थितींतील कंप्रता जवळ येतात आणि रिकामी गाडी विनाकारण ताठ होत नाही. मात्र भरलेल्या स्थितीतील अवमंदनाचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो धक्काशोषकाकडेच राहतो.

दोन बाबी आणखी ध्यानात घ्याव्यात. पहिली, धक्काशोषकाचा विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो; दबताना तो कमी व ताणताना त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. पाटे वाढविल्याने मुख्यतः परतीची उसळी वाढते. म्हणून निवड करताना ताणाकडील बल विचारावे. दुसरी, तिरप्या धक्काशोषकाचे परिणामी अवमंदन हे उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाच्या कोटिज्येच्या वर्गाने कमी होते. २० अंशांस ते ८८ टक्के, ३० अंशांस ७५ टक्के, तर ४५ अंशांस निम्मेच उरते. जागा नाही म्हणून कंस हलवून धक्काशोषक आडवा पाडणाऱ्याने हा वर्ग विसरू नये.

५. मार्ग, उष्णता आणि रचना

अवमंदन म्हणजे उष्णता. वर घेतलेल्या धक्काशोषकाचा दट्ट्या खडबडीत मार्गावर सेकंदाला सरासरी ०.३ मीटर (वर्गमध्यमूळ) वेगाने हलत असेल, तर त्यात सुमारे ३०० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे छतावरील चार साध्या पंख्यांना पुरेल इतकी ऊर्जा मनगटाएवढ्या नळीत सतत ओतली जाते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमानच ४० अंशांपलीकडे जाते. तेल तापून पातळ होते आणि विरोध घटतो.

सामान्य धक्काशोषक दुहेरी नळीचा असतो. आतील नळीत दट्ट्या फिरतो आणि बाहेरील नळीत जादा तेल व वर हवा किंवा अल्प दाबाचा नायट्रोजन असतो. वेगाने हालचाल चालू राहिली की वायू तेलात मिसळून फेस होतो. फेसातून दट्ट्या विरोधाविना सरकतो. उष्णताही दोन नळ्या ओलांडून बाहेर पडावयाची असते. याचा गुण असा की बाहेरील नळीस दगड लागून पोचा पडला तरी आतील दट्ट्या सहसा अडत नाही. शिवाय किंमत कमी. एकेरी नळीच्या धक्काशोषकात तेल व उच्च दाबाचा नायट्रोजन यांमध्ये सरकता पडदा असतो. फ्रेंच अभियंता बूर्सिए द कार्बों याने या रचनेस १९५०च्या दशकात व्यावहारिक रूप दिले. येथे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर पडते. परंतु नळीस पोचा पडला की दट्ट्या तेथेच अडतो.

मग चौसाळ्यासारख्या ठिकाणी कोणता घ्यावा? बहुतांश धाव महामार्गावर आणि थोडी मुरमावर असेल, तर वायुभारित दुहेरी नळीचा पुरेसा होय. रोज दीर्घकाळ खडकाळ मार्ग कापावयाचा असेल, तर एकेरी नळीचा घ्यावा; मात्र त्यास चाकाच्या बाजूने पत्र्याचे संरक्षण द्यावे.

६. जोडणी

दुहेरी नळीचा नवा धक्काशोषक आडवा ठेवून आणलेला असल्यास आतील नळीत वायू शिरलेला असतो. त्यास उभे धरून, दांडा वर ठेवून, चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून वायू बाहेर काढावा आणि नंतर आडवा न करता बसवावा. दांड्यास पक्कड लावू नये. त्यावर एक चरा पडला तरी तेलाचा सील फाटतो. दुहेरी नळीचा प्रकार दांडा वर, नळी खाली असाच बसविला पाहिजे. एकेरी नळीचा उलटाही चालतो.

रबरी बुशाचे बोल्ट प्रथम सैल ठेवावेत. घोडे काढून वाहन स्वतःच्या भाराने चाकांवर उभे केल्यावरच ते निर्मात्याने सांगितलेल्या बलाने आवळावेत. आस लोंबत असताना आवळल्यास उभ्या स्थितीत रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते. ही एक गोष्ट पाळल्याने बुशाचे आयुष्य पुष्कळ वाढते.

त्यानंतर एक चाक उंचवट्यावर चढवून पाहावे. आस तिरका झाला असता धक्काशोषक टायर, ब्रेकची नळी, धुराची नळी किंवा पाट्यांचे यू-बोल्ट यांस लागता कामा नये. दोन्ही बाजूंचे धक्काशोषक एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदलावेत. यू-बोल्ट काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

गाडीचा कोपरा हाताने दाबून धक्काशोषक तपासण्याची रीत ताठ पाट्यांच्या पिकअपवर फारशी उपयोगाची नाही. माणसाच्या वजनाने अशी कमान पुरेशी हलतच नाही. त्यापेक्षा खडबडीत मार्गावरून आल्यावर दोन्ही नळ्यांजवळ जपून हात न्यावा. एक तापलेली व दुसरी थंड असेल, तर थंड असलेली काम करीत नाही असे समजावे. तेलाचे ओघळ आणि टायरवर ठिकठिकाणी पडलेली वाटीसारखी झीज याही खुणा होत.

७. धक्काशोषकाच्या आवाक्याबाहेरील गोष्टी

उंचीचे काही परिणाम असे आहेत की त्यांवर धक्काशोषक हा उपाय नाही. अनेक पिकअप वाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते आणि तिची दांडी आसाला जोडलेली असते. चासी उंचावली की झडपेस वाहन रिकामे आहे असे भासते आणि भरलेल्या गाडीलाही मागे अपुरा ब्रेक मिळतो. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. उंची वाढविल्यावर ही दांडी पुन्हा जुळविलीच पाहिजे. तसेच हँडब्रेकची तार, प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि पुढील दिव्यांचा रोख हेही तपासावेत.

वळणावरील स्थैर्याचेही तसेच. चाकांतील रुंदी १.४ मीटर आणि भरलेल्या वाहनाचा गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल, तर उलटण्याची सीमा गुरुत्वत्वरणाच्या ०.७० पट येते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला तर ती ०.६७ होते. मागे माणसे बसलेली असतील, तर हा फरक केवळ आकड्यांचा राहत नाही. कडक धक्काशोषकाने कलंडण्याचा वेग मंदावेल, सीमा वाढणार नाही.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही मर्यादा स्पष्ट केली. झिजलेला धक्काशोषक बदलणे ही दुरुस्ती होय. वाहन उंच करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी परिवहन कार्यालयाकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

८. अभ्यासास विषय

वरील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पद्धती मात्र कोणत्याही वाहनास लागू पडते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे सुलभ आणि उपयुक्त असा अभ्यासविषय आहे. एकाच पिकअपच्या मागील आसावर व चासीवर त्वरणमापक बसवून चौसाळ्याजवळील डांबरी व मुरमाच्या मार्गांवर रिकाम्या, अर्ध्या व पूर्ण भाराने मोजणी करावी. मग पाटा मुख्य कमानीत घालून एकदा आणि मदतनीस कमानीत घालून एकदा तीच मोजणी पुन्हा करावी. नळीच्या तापमानाची नोंद सोबत ठेवावी. अशा मोजणीतून या मुलखातील भारास व मार्गास अनुरूप अवमंदन किती, याचे उत्तर मिळेल आणि ते गॅरेजमधील कारागिरास सांगता येईल अशा साध्या शब्दांत मांडता येईल. तोवर मापपट्टी, रबरी ठोकळ्याची फट आणि नित्याचा भार, या तीन गोष्टी विचारल्यावाचून धक्काशोषक विकू नये व घेऊही नये.